गळा अठरा, डोकं बावीस

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेलर-मास्तर बसतात. कटोरी ब्लाउज, प्रिन्सेस कट, पाठीला नाडी, बाहीला पफ, म्हणाल ते शिवून देतात. दिवाळीच्या आठवड्यात तर रात्री बारापर्यंत त्यांच्या मशीनची खडखड ऐकू येते. त्यांच्याकडे मी एकदा टी-शर्टचं कापड घेऊन गेले. म्हटलं, "साधा टॉप हवाय मास्तर. अस्तर नको, हूक नको, टक्स नकोत." मास्तरांनी कापड चिमटीत धरलं, जरा ताणून पाहिलं आणि घडी घालून परत माझ्या हातात दिलं.

"ताई, होजिअरी नाही घेत आपण."

दहा-बारा तुकडे जोडून अंगाला चोख बसणारा ब्लाउज करणारा माणूस, चार तुकडे आणि एक पट्टी एवढ्याच ऐवजाच्या टॉपला नाही म्हणतो, याचं मला नवल वाटलं. घरी आले आणि एक जुना टी-शर्ट टेबलावर पसरून टेप लावला. गळ्याच्या पट्टीचा आतला घेर भरला 18 इंच. मग तोच टेप कपाळावरून डोक्याभोवती फिरवला. 22 इंच!

म्हणजे 18 इंचांच्या गळ्यातून 22 इंचांचं डोकं रोज सकाळी आरपार जातं, तेही एकही बटण न सोडता. आणि बाहेर पडल्यावर गळा पुन्हा अठराचा होतो. कुर्त्याचा गळा एवढा लहान ठेवला, तर पुढे चीर द्यावी लागते. ब्लाउजला हूक लागतात. मग इथे हे चार इंच येतात कुठून आणि जातात कुठे? मास्तरांच्या नकाराचं कारणही त्या चार इंचांतच आहे. आणि घरच्या मशीनवर स्वतःचा टॉप शिवायचा असेल, तर सुरुवातही तिथूनच करावी लागते.

विणणं एक, तऱ्हा दोन

दोन अगदी वेगळ्या कामांना आपण मराठीत एकच क्रियापद वापरतो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीचे माग कापड विणतात आणि आजी स्वेटर विणते. पण या दोन विणण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, तो ताणा. त्यांच्यातून आडवा धागा एकावर, एकाखाली असा जातो, तो बाणा. चटईचीच ही रचना. धागे जवळजवळ सरळ असतात आणि सरळ सुती धागा ओढून फारसा लांबत नाही. म्हणून साडी किंवा शर्टाचं कापड उभं-आडवं ओढलं, तर ढिम्म हलत नाही. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरपं ओढलं, की मात्र विणीचे चौकोन कलंडतात आणि कापड थोडं सुटतं. गोल गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याचसाठी.

स्वेटरमध्ये ताणाही नसतो आणि बाणाही नसतो. एकच धागा फास घेत पुढे जातो आणि पुढच्या ओळीचा फास मागच्या ओळीच्या फासातून वर येतो. फासात फास, ओळीवर ओळ. एकेक फास म्हणजे छोटीशी कमान. कापड आडवं ओढलं, की कमानी बसक्या आणि रुंद होतात; सोडलं की पुन्हा उभ्या राहतात. यात धागा लांबतच नाही, फक्त त्याची वळणं उलगडतात. कांद्याची लाल जाळीदार पिशवी आठवा. कांदे भरले की ती पोटात फुगते आणि उंचीला कमी होते. जाळीतला प्लॅस्टिकचा धागा तेवढाच राहतो, भोकांचा आकार बदलतो.

टी-शर्टचं कापड म्हणजे आजीचा स्वेटरच, फक्त फार बारीक सुतात आणि यंत्रावर विणलेला. बनियन भिंगाखाली धरलं, तर सुलट बाजूला इंग्रजी 'व्ही' अक्षरांच्या उभ्या माळा दिसतात आणि उलट बाजूला आडव्या लाटा. स्वेटर विणणाऱ्या कुणालाही ही ओळख लगेच पटेल.

हे यंत्र काही आजकालचं नाही. 1589 साली इंग्लंडमधल्या विल्यम ली या धर्मोपदेशकाने पायमोजे विणायची चौकट तयार केली. इंग्रजीत 'होज' म्हणजे पायमोजे. त्यावरून या साऱ्या मालाला 'होजिअरी' नाव पडलं, ते आपल्या पेठांत अजून चालतं. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात जर्सी आणि गर्न्सी अशी दोन बेटं आहेत. तिथल्या कोळ्यांचे विणलेले अंगरखे प्रसिद्ध होते. साध्या टी-शर्ट कापडाला 'जर्सी' म्हणतात ते त्या बेटावरून. गोठ्यातली जर्सी गायही तिथलीच. आणि आपले आजोबा ज्याला 'गंजीफ्रॉक' म्हणत, तो शब्द 'गर्न्सी फ्रॉक'वरून आला असं मानतात.

आता हे कापड गोल यंत्रांवर विणतात. शेकडो सुया वर्तुळात बसवलेल्या असतात आणि कापड नळीसारखं खाली उतरतं. कित्येक बनियनांना बाजूची शिवण नसते, त्याचं कारण हेच: नळीच अंगाच्या मापाची असते. आपल्याकडे सुती होजिअरीचं मोठं केंद्र तमिळनाडूतलं तिरुपूर, आणि लोकरीच्या होजिअरीसाठी पंजाबातलं लुधियाना.

ताणणं सोपं, परतणं अवघड

कमानी उघडतात हे ठीक, पण त्या पूर्ववत किती होतात? सुती धागे एकमेकांना घासून जिथल्या तिथे अडकतात. म्हणून सुती पायजम्याला गुडघ्यावर पोंगे येतात आणि दिवसभर घातलेला टी-शर्ट संध्याकाळी सैल वाटतो. यावरचा इलाज 1958 साली अमेरिकेत सापडला. ड्युपॉंट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने रबरासारखा ताणला जाणारा आणि परत येणारा कृत्रिम धागा बनवला. त्याचं जातिवाचक नाव स्पॅन्डेक्स. पण 'लायक्रा' हे व्यापारी नावच तोंडी बसलं. टी-शर्टच्या कापडात तो थोडकाच असतो, शेकडा पाचाच्या आसपास. भाजीत हिंग असावा तेवढाच, पण नसला की लगेच कळतं.

थोडक्यात, गळा अठराचा बावीस होतो तो कमानींमुळे; बावीसचा पुन्हा अठरा होतो तो त्यांच्या परत येण्याच्या ताकदीमुळे. कापड घेताना या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासायच्या.

दुकानात बोटांनी पाहायचं

होजिअरी कापडाची नावं दुकानागणिक बदलतात, पण तीन जाती ओळखता आल्या की काम भागतं.

पहिली साधी जर्सी. दुकानदार तिला 'सिंकर' किंवा नुसतंच 'टी-शर्टचं कापड' म्हणेल. पातळ, मऊ, पण कापली की कडा सुरळीसारख्या वळतात. या वळण्यामागे कारण आहे. सगळे फास एकाच बाजूला तोंड करून बसलेले असतात आणि वाकवलेला धागा सतत सरळ व्हायला बघत असतो. सगळ्यांचा जोर एकाच दिशेने लागतो, म्हणून मोकळी कड वळते. वरची-खालची कड सुलट बाजूकडे वळते आणि उभ्या कडा उलट बाजूकडे. जुन्या बनियनचा तळहाताएवढा तुकडा कापून बघा. या खोडीचा फायदाही आहे: कापलेली आडवी कड ताणायची; ती ज्या बाजूला गुंडाळली जाते, ती सुलट बाजू.

दुसरी रिब. स्वेटरच्या मनगटाला आणि कमरेला 'दोन सुलट, दोन उलट' घालतात तीच वीण. सुलट रांग एकीकडे वळायला बघते, उलट रांग दुसरीकडे. दोघींचं भांडण बरोबरीत सुटतं आणि कड सपाट राहते. शिवाय रांगा एकमेकींच्या मागे दडून बसतात, त्यामुळे रिब आडवी भरपूर सुटते. गळपट्टीला हिच्यासारखी दुसरी नाही.

तिसरी इंटरलॉक. दोन रिब एकमेकींत गुंफल्यासारखी दुहेरी वीण. दोन्ही बाजू सारख्या, कडा वळत नाहीत, जाडीला भरीव. नवशिक्यांनी पहिला टॉप हिचाच करावा. फक्त एक घोळ लक्षात ठेवा. पिको-फॉलच्या पाटीवर जे 'इंटरलॉक' लिहिलेलं असतं, ती कडेची शिलाई. तिचा या कापडाशी संबंध नाही. दुकानात नुसतं "इंटरलॉक द्या" म्हटलं, तर दुकानदार तुम्हाला समोरच्या पिको-फॉलवाल्याकडे पाठवायचा.

आता परीक्षा. कापडाची आडवी घडी घालून कडेपासून थोडं आत, 10 सेंटिमीटर अंतरावर दोन्ही हातांच्या चिमट्या धरा आणि पट्टीवर हळूहळू ताणा. विशेष जोर न लावता 15 सेंटिमीटरपर्यंत गेलं, तर ताण 50 टक्के. 12 पर्यंतच गेलं, तर 20 टक्के. मग सोडून द्या. पुन्हा बरोबर 10 वर आलं तर उत्तम. साडेदहा-अकरावर रेंगाळलं, तर त्याचा अंगाबरोबरचा टॉप करू नका, सैल करा.

वजनासाठी 'जीएसएम' विचारा. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. टॉपला 160 ते 200 चांगलं. त्याहून फार हलकं हातातून निसटतं आणि 240च्या पुढचं स्वेटशर्टाकडे झुकतं. हा आकडा किलोच्या भावातही उपयोगी पडतो, कारण होजिअरी पुष्कळदा मीटरऐवजी वजनावर विकतात. पन्हा 60 इंच, म्हणजे साधारण दीड मीटर, आणि जीएसएम 180 असेल, तर एक मीटर लांबीचं वजन दीड गुणिले 180, म्हणजे 270 ग्रॅम. किलोत पावणेचार मीटरला थोडं कमी. मध्यम मापाचा टॉप सव्वा मीटरमध्ये बसतो, तेव्हा एका किलोत जवळजवळ तीन टॉप.

आधी धुवा, मग बेता

कारखान्यात हे कापड विणताना, रंगवताना आणि गुंडाळताना सतत लांबीत ओढलं जातं. कमानी उंच आणि निमुळत्या होऊन बसतात. घरी पहिल्यांदा पाण्यात पडलं, की धागे सुटसुटीत होतात आणि कमानी आपल्या मूळ आकाराला येतात: उंचीला कमी, रुंदीला जास्त. नवा टी-शर्ट धुतल्यावर आखूड आणि ढगळ होतो तो यामुळे. म्हणून कापड एकदा धुऊन, सपाट वाळवून मगच कात्री लावायची. दोरीवर लटकवलं, तर ओल्या कापडाच्या वजनाने कमानी पुन्हा ताणल्या जातात.

धुतल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडते. काही टी-शर्टांची बाजूची शिवण दोन धुण्यांत सरकत सरकत पोटावर येते. आपण शिवणाऱ्याला नावं ठेवतो, पण दोष बहुधा सुताचा असतो. एकेरी सुताला दिलेला पीळ उलगडायला बघतो आणि सगळे फास एका अंगाला कलतात. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, तशातली गत. गोल यंत्रावर ओळी फिरत्या जिन्यासारख्या चढत जातात, त्याचीही त्यात भर पडते. धुतल्यामुळे हा कल बेतण्याआधीच दिसतो. तेव्हा दुकानातल्या घडीवर विसंबू नका. उजेडाकडे धरून 'व्ही'ची एक उभी माळ वरून खालपर्यंत शोधा, ती टाचण्यांनी खुणावून घ्या आणि तिच्यावरच पुढच्या भागाचा मध्य येईल अशी घडी घाला.

बेतताना सगळं कापड टेबलावर हवं. अर्धं खाली लोंबत असेल, तर वरचा भाग ताणलेल्या स्थितीत कापला जातो आणि कात्री फिरताच आखडतो. कागद टाचण्यांपेक्षा वजनांनी दाबून ठेवलेला बरा. माझ्याकडे खलबत्त्याचा बत्ता आणि दोन वाट्या हे काम करतात.

अंगापेक्षा लहान कपडा

ब्लाउज शिकताना पहिला धडा असतो, छातीच्या मापात सैलपणा मिळवण्याचा. श्वास घ्यायला, हात उचलायला जागा हवी, कारण कापड स्वतः काही देणार नसतं. उंचसखल अंगावर ते सपाट कापड बसवायला टक्स घालावे लागतात.

होजिअरीत ही जबाबदारी कमानी घेतात. जिथे अंग भरलेलं तिथे त्या रुंदावतात, जिथे बारीक तिथे मिटून राहतात. टक्स आपोआप पडतात म्हणा ना! म्हणून 36 इंच छातीला अंगाबरोबरचा रिबचा टॉप 33-34 इंचांचासुद्धा चालतो. कपडा अंगापेक्षा लहान आणि तरी घट्ट नाही. हे ब्लाउज शिवणाऱ्या हाताला पटायला वेळ लागतो. पण ही सूट कापडाच्या ताणावर ठरते. ताण 50 टक्के असेल तर दोन-तीन इंच कमी, 20-25 टक्के असेल तर छातीएवढं किंवा दोन इंच जास्त. एका कापडाला बसलेला बेत दुसऱ्याला तसाच लावला, की घात झालाच. आणि जास्त ताण नेहमी अंगाभोवती, आडवा यायला हवा.

पहिला बेत कुठून आणायचा? कपाटातून. अंगाला छान बसणारा, पण आता जुना झालेला टी-शर्ट काढा आणि शिवणी उसवून सपाट करा. पुढचा भाग, पाठ, दोन बाह्या, गळपट्टी. कागदावर उतरवा आणि चारी बाजूंनी पाव इंच दाब सोडा. मात्र त्या टी-शर्टचं कापड आणि तुमचं नवं कापड यांचा ताण आधी पट्टीवर जुळवून पाहा.

टर्र...

माझा पहिला टॉप मी आईच्या पायमशीनवर सरळ टाक्याने शिवला. शिलाई अगदी ओळीत आली होती. आरशासमोर डोक्यातून घालायला गेले आणि कानापाशी आवाज आला: टर्र. कापडाला काहीही झालं नव्हतं. तुटला होता तो फक्त शिलाईचा दोरा.

नंतर विचार केला तर उत्तर सोपं होतं. कापडाला वळणं आहेत, दोऱ्याला नाहीत. सरळ टाक्यात वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकून जवळजवळ सरळ रेषेत चालतात. डोकं जाताना गळ्याचं कापड लांबलं, तेव्हा दोऱ्याकडे जास्तीचं काही शिलकीतच नव्हतं. म्हणजे प्रश्न दोऱ्याच्या मजबुतीचा नसून शिलकीचा होता.

नागमोडी टाका, म्हणजे झिगझॅग, ही शिल्लक साठवतो. शाळेतला पायथागोरस इथे मशीनवर बसतो. टाक्याची लांबी 2 मिलिमीटर ठेवली आणि रुंदी दीड, तर सुई तिरपी जाते ते अंतर होतं अडीच मिलिमीटर. म्हणजे 2 मिलिमीटर शिवणीमागे अर्धा मिलिमीटर दोरा जास्तीचा, 25 टक्के. लांबी दीड आणि रुंदी 2 केली, तर दीड मिलिमीटरमागे तोच अडीच मिलिमीटर दोरा: शिल्लक 66 टक्क्यांवर. शिवण ओढली, की नागमोड सरळ होत जाते. कापडातल्या कमानीची युक्ती आपण दोऱ्यालाही शिकवली, एवढंच.

कारखान्यातली ओव्हरलॉक मशीन हेच जास्त नीट करते. तिच्या तीन-चार दोऱ्यांपैकी काही दोरे कापडाच्या कडेवरून वळसे घेत जातात. त्या वळशांत भरपूर दोरा राहतो. शिवता शिवता तिची पाती कडही छाटते. पण घरी ती नसेल, तर काही अडत नाही. मागावरच्या कापडाची कड उसवून दशा निघतात. होजिअरीची तशी निघत नाही. आत नुसती झिगझॅग राहिली तरी टॉप वर्षानुवर्षं टिकतो.

फक्त सरळ टाक्याचीच मशीन असेल तर? टाका लहान ठेवा, वरचा ताण थोडा सैल करा, पॉलिएस्टरचा दोरा वापरा आणि शिवताना कापडाला दोन्ही हातांनी किंचित ताण द्या. लहान टाक्यांमुळे इंचामागे दोरा जास्त जातो. सैलसर टॉपला एवढं पुरतं, घट्ट गळ्याला नाही.

सुई आणि दात

सरळ टाका ही मास्तरांची एक अडचण. दुसरी सुईची. नेहमीची सुई टोकदार असते आणि धागा भोसकून जाते. मागाच्या कापडात एक धागा दुखावला, तर बाकीचे सांभाळून घेतात. होजिअरीत एक फास तुटला, की खालचे फास एकामागून एक सुटायला लागतात, पायमोज्याला शिडी पडते तशी. म्हणून इथे 'बॉलपॉइंट' सुई लागते. तिचं टोक किंचित गोल असतं. लोकलच्या गर्दीत आपण "जरा सरकता का" म्हणत वाट काढतो, तशी ती धागे बाजूला सारून जाते. 75 नंबरची सुई 0.75 मिलिमीटर जाड, 90 नंबरची 0.9. पाकिटावर त्याच सुयांना 11 आणि 14 असेही आकडे असतात. टॉपला 11 किंवा 14 पुरे. लायक्रा जास्त असलेल्या कापडासाठी 'स्ट्रेच' नावाची वेगळी सुई मिळते.

टाके सुटण्याचं रहस्यही इथेच आहे. सुई खाली जाऊन किंचित वर येते, तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फुगा तयार होतो. शटलची चोच तो फुगा पकडते आणि टाका पडतो. ताणल्या जाणाऱ्या कापडाला सुई चिकटली, तर वर येताना कापडही तिच्याबरोबर उचललं जातं. फुगा होतच नाही, चोच रिकामी फिरते आणि शिवणीत एक लांब टाका दिसतो. मशीन बिघडली असं समजून मेकॅनिकला बोलवण्याआधी सुई बदलून पाहा.

आणि लाटा? मशीनचे दात खालचा पदर पुढे ओढतात, वरचा दाबाचा पाय दुसरा पदर मागे धरून ठेवतो. मागाचं कापड हे सहन करतं. होजिअरी त्या ओढाताणीत लांबते आणि शिवण झालरीसारखी नागमोडी होते. पायाचा दाब कमी करायचा, मागून कापड ओढायचं नाही, आणि तरीही लाटा आल्या, तर खाली पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवून शिवायचं. दात कागद ओढतात, कापड त्यावर बसून जातं. नंतर कागद फाडून टाकायचा.

खांदा, गळा, घेर

शिवण्याचा क्रम ब्लाउजपेक्षा सोपा. आधी खांदे जोडायचे, मग गळपट्टी, मग बाह्या मुंढ्याला सपाटच लावायच्या, मग बाहीच्या टोकापासून घेरापर्यंत बाजूची एकच लांब शिवण, शेवटी दुमडी.

खांदा हा एकच भाग असा, की जो सुटायला नको. सगळ्या टॉपचं वजन त्याच्यावर लटकतं. तिथे शिवणीत पातळ सुती फितीचा तुकडा धरायचा. तयार टी-शर्टांच्या खांद्यात अशी फीत पुष्कळदा सापडेल.

गळा मात्र सुटायलाच हवा. कापलेल्या कडेवर न मापता शिवण जिथे येणार तिथे टेप उभा धरून गळा मापा. समजा, 21 इंच भरला. पट्टी त्याच्या 85 टक्के, म्हणजे सुमारे 18 इंच घ्यायची आणि जोडासाठी अर्धा इंच जास्त. रुंदी 2 इंच. दुमडून, पाव इंच दाब जाऊन पाऊण इंचाची पट्टी दिसते. पट्टीचं कडं करा, त्याचे चार सारखे भाग पाडा. गळ्याचेही चार सारखे भाग पाडा. खांद्याची शिवण ही खूण धरू नका, कारण पुढचा गळा मागच्यापेक्षा लांब असतो. खुणेला खूण टाचा आणि शिवताना फक्त पट्टी ताणा, गळा नाही.

पट्टी लहान कशाला? तिची बाहेरची कड 21 इंचांच्या गळ्याला जोडलेली असते, पण आतली घडी गळ्याच्या केंद्राकडे झुकते आणि तिथला घेर कमी असतो. पट्टी गळ्याएवढीच घेतली, तर आतली कड उभी राहते आणि गळा कुत्र्याच्या कानासारखा लोंबतो. आखूड पट्टी परत यायला बघते आणि अंगालगत बसते. टेपवर आले होते ते अठरा इंच हेच. डोकं जाताना तिला 22 टक्के ताण पुरतो. रिबला ते जडही जात नाही. तान्ह्या बाळाचं डोकं छातीपेक्षाही मोठं असतं, तिथे एवढ्याने भागत नाही. म्हणून त्यांच्या टी-शर्टच्या खांद्यावर बटणं असतात.

घेराला ट्विन नीडल वापरता येते: एकाच दांड्यावर दोन सुया, वर दोन समांतर रेघा, खाली बॉबिनचा दोरा नागमोडी. नसेल, तर रुंद झिगझॅगही वाईट दिसत नाही.

चौकट : पहिल्या टॉपआधी

- कापड: इंटरलॉक, 180 जीएसएमच्या आसपास. गळ्याला रिब.
- ताण: 10 सेंटिमीटर ताणून मोजा, सोडल्यावर परत 10 वर येतं का पाहा.
- धुणं: बेतण्याआधी एकदा, सपाट वाळवून.
- दिशा: जास्त ताण अंगाभोवती, घडी उभ्या माळेवर.
- सुई-दोरा: बॉलपॉइंट 11 किंवा 14, पॉलिएस्टर दोरा.
- टाका: अरुंद झिगझॅग, आधी चिंधीवर शिवून, ओढून पाहा.
- गळपट्टी: गळ्याच्या 85 टक्के. रिब फार सुटणारी असेल, तर 80.
- खांदा: फीत घालून.

मास्तरांचं बरोबर होतं

पहिल्या टॉपचा गळा उसवून मी झिगझॅगने पुन्हा लावला. तो आता घरात घालते. तिसरा टॉप अंगात घालून एकदा मास्तरांकडे ब्लाउज टाकायला गेले, तेव्हा त्यांची नजर गळ्यावर गेली. "घरी केला?" मी हो म्हटलं आणि त्यांच्या तेव्हाच्या नकाराचा विषय काढला. त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं. "ही सरळ चालते फक्त. सुई सोळाची. तुमचं कापड हिच्यावर घेतलं असतं, तर चार दिवसांनी उसवून परत आलं असतं. नाव माझं गेलं असतं."

कापड चिमटीत धरून ताणलं, त्या एका क्षणात त्यांनी हा सगळा हिशेब केला होता. मला त्यासाठी तीन टॉप लागले.

ब्लाउजची पावती फाडताना त्यांनी टॉपच्या घेराकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथे हात लागलाय तुमचा. मागनं ओढलंत." खाली वाकून पाहिलं. डाव्या बाजूला, वीतभर जागेत, शिवण लाटली होती.